फूल येण्याआधी : सीमाभागातील गाजर गवत आणि कष्टकऱ्यांची कातडी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलांना वर्गाबाहेर शिवारात नेऊन झाडे ओळखायला शिकवत असत. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एक झाडच निवडले आहे. त्याला आपण गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो, आपले कन्नड शेजारी काँग्रेस हुल्लु म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात ते पार्थेनियम हिस्टेरोफोरस आहे. तणाचा विषय कृषी खात्याचा आहे, तो स्मृतिव्याख्यानात कशाला, असे कुणाला वाटू शकेल. पण या गवतामुळे ज्यांची कातडी वर्षानुवर्षे जळत राहते, ती बहुतांशी उन्हापावसात राबणारी माणसे आहेत. त्यांचा हा त्रास बऱ्याच अंशी टाळता येतो. ज्या गावाने तो टाळण्याची धडपडच केली नाही, त्या गावाकडे त्याचा दोष येतो. आज मला एवढेच पटवून द्यायचे आहे.

अंगाची आग करणाऱ्या वनस्पती आपल्या भागाला नव्या नाहीत. बिब्ब्याचे तेल लागले की कातडी काळवंडते आणि फोड येतात. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगावर पडली की माणूस जागच्या जागी तळमळतो. रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन दवाखाना गाठावा लागतो. ही झाडे आपल्या आजीआजोबांना माहीत होती, कारण त्यातली बहुतेक आपला त्रास लगेच दाखवतात. कोणत्या झाडाने आग झाली, हे कुणी सांगावे लागत नाही.

मोबाइलवर काही जणांनी जायंट हॉगवीड नावाच्या झाडाची चित्रे पाहिली असतील. ते झाड मूळचे कॉकेशस पर्वताच्या भागातले आणि आता युरोप-अमेरिकेत पसरलेले. त्याचा रस अंगाला लागून त्यावर ऊन पडले की भाजल्यासारखे मोठे फोड येतात. पण ते थंड, ओलसर हवेत वाढणारे झाड आहे. बिदर-कलबुर्गीच्या पठारावर त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. आपल्या दारात जे उभे आहे त्याच्याकडे आधी पाहू.

गाजर गवत पहिल्या दिवशी काहीच करत नाही. ते हाताने उपटा, डोक्यावर भारा वाहा, बहुतेकांना त्या दिवशी काही जाणवणार नाही. इथेच माणूस फसतो. या झाडाच्या पानाफुलांवर सूक्ष्म केस असतात आणि त्यांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते कातडीत शिरले की शरीराच्या संरक्षक पेशी त्याला परके म्हणून ओळखायला शिकतात. हे शिकायला कुणाला काही आठवडे लागतात, तर कुणाला काही वर्षे. सगळ्यांच्याच शरीरात हे घडते असेही नाही. पण एकदा ही ओळख पक्की झाली की पुढे अगदी थोडा संपर्कही पुरतो. संपर्क आल्यावर एक-दोन दिवसांनी खाज सुटते, कातडी लाल होते, सुजते, पाझरते. दोन दिवसांपूर्वी केलेल्या कामाशी आजच्या खाजेचा संबंध कोण जोडणार? मग दोष वांग्याला दिला जातो, पाण्याला दिला जातो, उन्हाला दिला जातो. पथ्ये सुरू होतात आणि माणूस रोज त्याच बांधावरून ये-जा करत राहतो.

पुढची अडचण अशी की झाडाला हात लावण्याचीही गरज उरत नाही. वाळलेल्या गवताचा चुरा आणि त्याचे सूक्ष्म केस वाऱ्याबरोबर उडतात आणि उघड्या अंगावर बसतात. वाळल्यानेही त्यांचा गुण जात नाही. त्यामुळे त्वचेचे डॉक्टर रुग्णाच्या अंगावर एक विशिष्ट नकाशा शोधतात. पापण्या, मानेच्या बाजू, गळ्याखालचा उघडा भाग, कोपराची आतली घडी, गुडघ्यामागची घडी, अशा जागा आधी धरल्या जातात, कारण धूळ घड्यांत साठते. निव्वळ उन्हामुळे होणाऱ्या आजारात वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची कातडी बहुधा सुटते. गाजर गवताच्या आजारात हेच भाग सापडतात. सुरुवातीला त्रास उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाढतो, थंडीत उतरतो. दुर्लक्ष केले तर तो बारमाही होतो, चेहऱ्याची आणि मानेची कातडी जाड व काळी पडते आणि उन्हात उभे राहणेही असह्य होते. उन्हात राबून पोट भरणाऱ्याचा अशा वेळी रोजगारच बुडतो.

आता झाडाची ओळख सविस्तर करून घेऊ. ती नीट झाली नाही तर पुढचे सगळे बोलणे वाया जाईल. पावसाची पहिली सर पडून गेली की मोकळ्या जागेत हे रोप उगवते. पहिल्या अवस्थेत त्याची पाने जमिनीला चिकटून गोल पसरतात. पान गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानासारखे खोल कातरलेले, फिकट हिरवे, लव असलेले. या अवस्थेत पुष्कळ जण त्याला निरुपद्रवी समजून सोडून देतात, आणि उपटायला सर्वांत सोपे ते तेव्हाच असते. नंतर मधून उभा दांडा निघतो. दांड्यावर उभ्या रेघा आणि बारीक लव असते. वर गेल्यावर तो भरपूर फुटतो आणि झाड कमरेपर्यंत, ओलाव्याच्या जागी माणसाच्या छातीएवढे वाढते. शेंड्यांवर पांढऱ्या, दोन ज्वारीच्या दाण्यांपेक्षा मोठ्या नसलेल्या फुलांचे झुबके येतात. प्रत्येक बोंड जवळून पाहिले तर कडेला पाच छोटी पांढरी टोके दिसतात. ही खूण पक्की लक्षात ठेवा. गाजराची आणि कोथिंबिरीची फुले छत्रीसारख्या गुच्छात येतात आणि पान चुरगळले तर त्यांचा ओळखीचा वास येतो. पण वासासाठी अनोळखी पान हातात चुरगळू नका. फुलांच्या मांडणीवरून ओळखणे सुरक्षित आहे.

उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात हे झाड फुलावर येते. एका झाडाला साधारण १५ ते २५ हजार बिया धरतात. बी इतके हलके आणि बारीक असते की पाणी, वारा, गाडीची चाके, जनावरांचे खूर, चिखल लागलेली चप्पल, सगळेच त्याला वाहून नेतात. जमिनीत पुरलेले बी काही वर्षे जिवंत राहते. ओल मिळाली तर वर्षातून तीन-चार पिढ्याही होतात. याशिवाय त्याच्या मुळांतून व पानांतून अशी द्रव्ये सुटतात की शेजारच्या झाडांचे बी उगवण्यात अडथळा येतो. जिथे एक झाड सोडले तिथे दोन वर्षांनी दुसरे काही दिसत नाही, याचे कारण हे आहे.

हे गवत आले कुठून? मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश आणि मध्य अमेरिका ही त्याची मूळ भूमी. पुण्यात आढळलेल्या या झाडाची भारतासाठी नवी वनस्पती म्हणून नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये केली. पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदत योजनेतल्या गव्हाबरोबर ते आले, असे आपण सर्रास ऐकतो. पण त्या योजनेचा भारताशी करार ऑगस्ट १९५६ चा आहे आणि झाड पुण्यात त्याआधीच दिसले होते. अमेरिकेतून धान्य १९५१ पासूनच येत होते हेही खरे. जहाजातून उतरलेल्या धान्यातून बी आले असणे शक्य आहे, पण एका योजनेच्या माथी सारा दोष मारून आपली सुटका होत नाही. आल्यानंतरच्या वर्षांत ते देशभर पसरू दिले गेले, ही आपली जबाबदारी आहे. ऑस्ट्रेलियात, इथिओपियात, केनियात, पाकिस्तानात, नेपाळातही आज हाच उपद्रव आहे.

त्याचा त्वचेवरचा परिणाम जगासमोर ठळकपणे आला तो पुण्यातूनच. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांबरोबर १९७४ मध्ये या आजारावर शोधनिबंध लिहिला. शेतात आणि उघड्यावर काम करणाऱ्या माणसांमध्ये साथीसारखा पसरलेला हा विकार गाजर गवताचा आहे, हे त्यातून वैद्यकाला कळले. पुढे बेंगळुरू, चंदीगड, दिल्ली इथल्या रुग्णालयांतूनही असेच अनुभव मांडले गेले. कर्नाटक सरकारने १९७५ मध्येच पिकांवरील कीड-रोग कायद्याखाली या गवताला घातक तण म्हणून घोषित केले. म्हणजे आपल्या राज्यात ही घोषणा होऊन सुमारे ५० वर्षे झाली. तरीही आपल्या बसस्थानकांच्या मागे, शाळांच्या कुंपणाशी, दवाखान्यांच्या आवारात हे गवत उभे आहे. घोषणेने गवत मरत नाही, हे यातून शिकायचे.

बिदर आणि कलबुर्गी या आपल्या दोन जिल्ह्यांत त्याला पसरायला वाटा भरपूर आहेत. मांजरा लातूरकडून येते आणि औराद-भालकीच्या शिवारांतून पुढे तेलंगणात जाते. भीमा सोलापुरातून अफजलपूरकडे उतरते. महाराष्ट्रातल्या काठावर धरलेले बी या नद्या राज्याची हद्द न विचारता आपल्या गाळपेरात आणून टाकतात. कारंजा धरणाचे कालवे आणि उसाच्या पाटांचे ओले काठ त्याला उन्हाळ्यातही जगवतात. बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २०१७ मध्ये सुरू झाला. अशा नव्या भरावांवर, रस्त्याच्या कडेच्या उकरलेल्या मुरमात दुसरे गवत धरण्याआधी हे धरते. आणि बियांसह उकिरड्यात टाकलेले गवत न कुजलेल्या शेणखतातून आपणच परत तुरीच्या आणि सोयाबीनच्या रानात नेतो.

जनावरांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. देवणी गाईचा हा प्रदेश आहे. भुकेले नसलेले जनावर या गवताला सहसा तोंड लावत नाही, पण चाऱ्याच्या टंचाईत कडब्याबरोबर ते पोटात जाते. त्याने दुधाला कडवटपणा येतो, तोंडाला आणि आतड्याला व्रण होतात, कातडीवर पुरळ उठून केस झडतात आणि जास्त प्रमाणात गेले तर जनावर दगावू शकते. वैरण कापताना ते वेचून बाजूला काढणे हे काम क्षुल्लक समजू नका. अशी लक्षणे दिसली तर पशुवैद्यकाला चाऱ्याविषयी आवर्जून सांगा.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय निसर्गातला आहे. मेक्सिकोत या गवतावर जगणारा एक भुंगा आहे. त्याचे नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. दुधी रंगाच्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा लहान भुंगा १९८३ मध्ये भारतात आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये बेंगळुरूत सोडला गेला. तो आणि त्याच्या अळ्या गवताची पाने आणि कळ्या फस्त करतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात काही ठिकाणी तो सूर्यफुलाच्या पानावर दिसला आणि शेतकऱ्यांत घबराट पसरली. सूर्यफूल पिकवणाऱ्या आपल्यासारख्या भागात ती चिंता रास्त होती. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने समिती नेमून तपास केला आणि या भुंग्यापासून सूर्यफुलाला धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा गवतावर हा भुंगा दिसला तर त्याला कीटकनाशक मारू नका. तो आपला सहकारी आहे. मात्र त्याची मर्यादाही समजून घ्या. तो पावसाळ्याच्या ओलाव्यात काम करतो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो. आपल्या कमी पावसाच्या पठारावर सगळे काम त्याच्यावर सोपवता येणार नाही.

दुसरा उपाय धारवाडच्या कृषी विद्यापीठाने पुढे आणला. भाताच्या वाणांसाठी नावाजलेले डॉ. एम. महादेवप्पा तिथे कुलगुरू होते आणि त्यांनी या गवताचा प्रश्न ध्यासाने हाती घेतला. १९९७ मध्ये धारवाडला गाजर गवताच्या नियंत्रणावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. महादेवप्पांचे म्हणणे असे होते की मोकळी जागा मोकळी ठेवलीत तर तिथे गाजर गवत येणारच, म्हणून तिथे त्याच्यापेक्षा जोमाने वाढणारे झाड आणा. त्या कामी तरोट्याच्या कुळातली झाडे उपयोगी पडली. आपल्या पडीक जागांवर, रस्त्याच्या कडेला, गायरानाच्या काठावर तरोट्याचे बी टाकणे हे खर्चाचे काम नाही. पहिल्या पावसात तरोटा दाट उगवला की गाजर गवताच्या रोपाला ऊनच मिळत नाही.

तिसरा उपाय हाताने उपटण्याचा. लहान गावासाठी तो आजही सर्वांत भरवशाचा आहे, पण त्याचे नियम पाळले तरच. पाऊस पडून जमीन ओली असताना उपटा, म्हणजे मूळ सगळे येते. वरून कापले तर बुडातून पुन्हा फुटवे येतात. फूल येण्याआधी उपटा. फुले आलेले झाड उपटून बांधावर टाकले तर आपण बीच पेरतो. फुलाआधीचे गवत खड्ड्यात शेण-मातीच्या थरांत कुजवले तर चांगले खत होते. वाळलेल्या गवताचा ढीग पेटवू नका, त्याचा चुरा आणि धूर आजूबाजूच्या माणसांच्या अंगावर येतो. उपटताना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, पायात बूट, तोंडावर फडके हवे. काम चालू असताना डोळे चोळू नयेत. काम संपले की साबणाने अंघोळ करावी, ते कपडे वेगळे धुवावेत आणि गवताच्या कडेच्या तारेवर वाळत घालू नयेत. ज्याला एकदा हा आजार जडला आहे, त्याने हातमोजे घालूनही या कामाला जाऊ नये. त्याला दुसरे काम द्यावे.

रुग्णांसाठी माझे सांगणे थोडक्यात आहे. जी खाज मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या घडीत वारंवार येते, ती अंगावर काढू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि घराभोवती, कामाच्या जागी हे गवत आहे का ते त्यांना सांगा. पाठीवर पट्ट्या लावून करायची एक साधी तपासणी असते. तिच्यातून दोन दिवसांनी गवताची ॲलर्जी आहे की नाही ते कळते. ज्यांना ती आहे त्यांना शेवंती, सूर्यफूल, गोखरू अशा त्याच कुळातल्या झाडांनीही त्रास होऊ शकतो, त्याविषयी डॉक्टरांना विचारून घ्या. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने आठ दिवस बरे वाटते, पण महिनोन्महिने चेहऱ्यावर लावल्याने कातडी पातळ होते आणि नवे दुखणे सुरू होते. जुनाट आजारात ॲझाथायोप्रीनसारखी औषधे दिली जातात. ती रक्ततपासणी करत डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची असतात. कोणत्याही औषधाबरोबर गवतापासून दूर राहणे चालू ठेवावेच लागते.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. गावात स्वच्छता मोहीम निघते तेव्हा गवत उपटायला कुणाला पुढे करतात? सफाई कामगारांना, रोजंदारीवरच्या बायांना, कधी शाळेतल्या मुलांना, आणि तेही उघड्या हातांनी. छायाचित्रात मोहीम छान दिसते. पुढे त्यातल्या ज्यांना ॲलर्जी जडते, त्यांची आठवण कुणालाच राहत नाही. मी इथे बसलेल्या प्रत्येक सरपंचाला, ग्रामपंचायत सदस्याला, मुख्याध्यापकाला आणि शेतमालकाला विनवतो की हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे दिल्याशिवाय एकाही माणसाला या कामाला लावू नका, आणि मुलांना तर मुळीच लावू नका. मुलांनी गवत ओळखावे, त्याच्या जागा नोंदवाव्यात, मोठ्यांना सांगावे. तेवढे काम त्यांच्यासाठी पुरेसे आहे आणि गुरुजींच्या शिकवणुकीला धरून आहे.

देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेने हा चांगला पायंडा पाडला आहे. पण आपल्याकडे मृगाच्या पावसाने जूनमध्ये उगवलेले गवत ऑगस्टच्या मध्याला फुलांनी पांढरे झालेले असते. म्हणून आपण आपली मोहीम आषाढात, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकली पाहिजे. ऑगस्टचा सप्ताह राहिलेले गवत शोधायला ठेवावा. आणि एका गावाने उपटून भागत नाही. इकडचे भालकी आणि तिकडचे उदगीर, इकडचे आळंद आणि तिकडचे अक्कलकोट, यांनी एकाच आठवड्यात काम केले तरच नदीचे पाणी आपल्याला नवे बी आणून देणार नाही. भाषेचा आणि सीमेचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. गाजर गवताचे पत्रक मात्र मराठीत आणि कन्नडमध्ये एकाच कागदावर छापू या.

माझी शेवटची विनंती ठोस आहे. येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात फूल येण्याआधी गवत उपटायचे, ते काम करणाऱ्या प्रत्येकाला हातमोजे द्यायचे, आणि मोकळ्या केलेल्या जागेवर त्याच पावसात तरोटा पेरायचा. सलग काही वर्षे हे नेमाने केले तर जमिनीतले बी कमी होत जाईल आणि आपल्या शिवारात राबणाऱ्या माणसांची कातडी वाचेल. ठराव या वर्षीच करा.